भेंडीचा ठसा आणि लिथोचा दगड : राजा रविवर्मांनी छापखाना का काढला, का विकला?

हदगाव : घरी शुभेच्छापत्र करायचं म्हटलं की मुलं भेंडी आडवी कापतात, रंगात बुडवतात आणि कागदावर फूल उमटवतात. दुसऱ्या रंगासाठी दुसरा ठसा लागतो. तो पहिल्याच्या जागी नेमका बसला नाही तर फूल फिसकटतं. नेमकी हीच अडचण मोठ्या प्रमाणावर अंगावर घेऊन चित्रकार राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. चित्रं घराघरांत गेली, छापखाना मात्र हातचा गेला.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा, केरळातल्या किळीमानूरचा. चित्रकलेचे पहिले धडे मामांकडे, पुढे त्रावणकोरच्या दरबारात. तैलरंग त्यांनी बरेचसे बघून-बघूनच आत्मसात केले. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं आणि राजेरजवाड्यांची रांग लागली.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून १४ पौराणिक चित्रं करून घेतली. ती राजवाड्यात जाण्याआधी लोकांना दाखवली तेव्हा प्रचंड गर्दी झाली. पण तैलचित्र एकच, ते लावणार एकाच भिंतीवर. चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढाव्यात, असं दिवाण टी. माधवरावांनी आधीच सुचवलं होतं. तंजावरकडच्या मराठी घराण्यातला हा माणूस त्रावणकोर आणि बडोदा या दोन्ही संस्थानांचा दिवाण राहिलेला. रविवर्मांनी उलट केलं : यंत्रं आणि तंत्रज्ञच जर्मनीहून आणले.

दगडावर चित्र कसं छापतात?

गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र काढतात, तेही उलटं, आरशात दिसतं तसं. मग दगड ओला करतात. चित्राच्या जागी पाणी टिकत नाही, तिथे शाई धरते. उरलेल्या ओल्या भागावर शाई बसत नाही. वर कागद दाबला की ठसा तयार. यात खोदकाम काहीच नाही, सगळा खेळ तेल आणि पाण्याच्या वैराचा आहे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड आणि तोच कागद प्रत्येक दगडावर केसभरही न हलता बसवायचा. एक रंग सरकला की चेहरा बिघडला, कागद वाया. शेवटी वार्निशचा हात दिला की छापील चित्रालाही तैलचित्राची चकाकी यायची.

गिरगावातल्या या छापखान्यातून पहिलं चित्र निघालं ते शकुंतलेच्या जन्माचं. मग लक्ष्मी आणि सरस्वती. त्यांच्या अनेक नायिका नऊवारीत दिसतात, हे मराठी वाचकाने मुद्दाम पाहावं. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही घरात आता देव आला. काही घरांत बायका या चित्रांवर जर आणि टिकल्या शिवून देवीला खरी साडी नेसवत. म्हणजे यंत्राच्या छपाईवर पुन्हा हातकाम! पुढे छापखान्याने पोस्टकार्डंही काढली.

धंदा मात्र जमला नाही. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, मजूर पळाले. छापखाना आधी घाटकोपरला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. कर्ज वाढत गेलं. हिशेब बहुतेक भाऊ सी. राजराजवर्माच बघायचे. रविवर्मा स्वतः चित्रांच्या कामासाठी देशभर फिरत. दोघेही मुळात चित्रकार, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच होती. अखेर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच छापखाना तिथल्याच जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकावा लागला. सोबत कित्येक चित्रं छापण्याचे हक्कही गेले. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच छापखान्यात काम करून गेले.

१९०५ मध्ये भाऊ गेला. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळीमानूरला रविवर्मांचं निधन झालं. मळवलीत त्यांच्या नावाने छपाई पुढेही कित्येक वर्षं सुरू राहिली, कॅलेंडरं आणि लेबलंही निघाली. १९७२ मध्ये आग लागली आणि बरंचसं जळून गेलं.