तेलकट हातांचा थोर माणूस : हेन्री रॉइस

जगातली सर्वांत भारी मोटार कोणती असे विचारले, तर पुष्कळ लोक रोल्स-रॉइसचे नाव घेतात. राजेमहाराजांच्या जुन्या फोटोत ती लांबलचक मोटार उभी असते. पण ती मोटार बनवणारा माणूस राजा नव्हता. तो लहानपणी पेपर विकायचा. शाळेत तर तो जेमतेम एक वर्ष गेला. त्या माणसाचे नाव हेन्री रॉइस. त्यांचे चरित्र मी येथे सांगत आहे.

हेन्री रॉइस यांचा जन्म २७ मार्च १८६३ रोजी इंग्लंडमधील अलवॉल्टन या लहान खेड्यात झाला. ते पाच भावंडांत सर्वांत धाकटे होते. त्यांच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. पण गिरणी नीट चालली नाही, धंदा बुडाला आणि कुटुंब लंडन शहरात आले. हेन्री नऊ वर्षांचा असताना वडील वारले. म्हणजे आपल्यापेक्षाही तो एक वर्षाने लहानच होता बघा. घरात पैसा नव्हता. मग काय करणार? हेन्री रस्त्यावर पेपर विकू लागला. पुढे तो पोस्टाच्या तारा घरोघर पोचवायचे काम करू लागला. पूर्वी मोबाईल नव्हते. तेव्हा घाईचा निरोप तारेने यायचा आणि पोरं तो कागद घेऊन धावत जायची. त्या पोरांत हेन्री होता. बरेचदा त्याला पोटभर खायलाही मिळत नसे.

हेन्रीला यंत्रांची फार आवड होती. १८७८ साली नात्यातल्या एका बाईंनी त्याच्यासाठी पैसे भरले. त्यामुळे पीटरबरो येथील रेल्वेच्या कारखान्यात तो उमेदवार म्हणून लागला. तेथे रेल्वेची इंजिने दुरुस्त होत. ज्या घरी तो राहायचा त्या घराच्या मागे एक शेड होती, आणि शेडमध्ये एक लहान लेथ होता. संध्याकाळी कारखान्यातून आला की हेन्री त्या लेथवर बसायचा. कानस कशी चालवायची, लोखंड गुळगुळीत कसे करायचे, हे सगळे तो तेथे शिकला. रात्री तो पुस्तके घेऊन गणित शिके.

पण तीन वर्षे झाली आणि त्या बाईंजवळचे पैसे संपले. उमेदवारी अर्धीच राहिली. मला ही गोष्ट फार वाईट वाटली. मुलगा हुशार होता, कामसू होता, तरी पैशावाचून त्याचे शिकणे थांबले. हेन्री रडत बसला नाही. तो लीड्स गावी गेला आणि हत्यारे बनवणाऱ्या कारखान्यात लागला. तेथे आठवड्याला ५४ तास काम आणि पगार ११ शिलिंग. नंतर तो लंडनला विजेच्या कंपनीत गेला. त्या वेळी विजेचे दिवे नवीनच निघाले होते. दिवसा काम करायचे आणि रात्रीच्या वर्गात विजेचे शिक्षण घ्यायचे, असा त्याचा क्रम होता.

१८८४ साली हेन्री रॉइस यांनी मँचेस्टर शहरात स्वतःचा लहानसा कारखाना काढला. त्यांच्याजवळ साठवलेले फक्त २० पौंड होते. त्यांचे मित्र क्लेअरमाँट यांनी ५० पौंड घातले. दोघे मित्र कारखान्याच्या वरच्या खोलीतच राहत. ज्या भट्टीत काम चाले तिच्यावरच ते आपले जेवण गरम करत. आधी ते दाराच्या विजेच्या घंटा बनवत. पुढे वीज तयार करणारे डायनामो आणि जड वजन उचलणाऱ्या क्रेन बनवू लागले. रॉइस यांचा माल टिकाऊ म्हणून त्याचे नाव झाले.

१९०३ साली रॉइस चाळीस वर्षांचे झाले. त्यांनी फ्रान्समध्ये बनलेली एक जुनी मोटार विकत घेतली. तिचे नाव डेकोव्हिल. गाडी तशी बरी होती. पण सुरू होताना त्रास देई, खडखड करी आणि थरथरे. दुसरा कोणी असता तर गाडी विकून मोकळा झाला असता. रॉइस यांनी पाना घेतला आणि सगळी गाडी खोलली! एकेक भाग हातात घेऊन तो का आवाज करतो, का झिजतो, का गरम होतो, हे त्यांनी पाहिले. आपल्या गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मिस्त्रीकाका स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आतला आवाज ऐकतात, हे आपण पाहिले आहे. मोटार नुसती चालते एवढे पुरत नाही, तिचा आवाज खरे काय ते सांगतो. रॉइस यांनाही ते कळत होते.

त्यांनी ठरवले, याहून चांगली मोटार आपणच बनवायची. त्यांनी दोन सिलिंडरच्या तीन मोटारी बनवल्या. प्रत्येकीची ताकद दहा घोड्यांची होती. १ एप्रिल १९०४ रोजी पहिली गाडी कारखान्याबाहेर आली. रॉइस ती चालवत सुमारे २४ किलोमीटर दूर आपल्या घरी गेले. गाडी वाटेत बंद पडली नाही. ही गाडी म्हणजे काही नवी जादू नव्हती. तेच इंजिन, तीच चाके, पण प्रत्येक भाग नीट केलेला. ठिणगी वेळेवर पडे आणि पेट्रोल व हवा योग्य मापाने मिसळे. म्हणून ती गाडी शांत होती.

त्याच वर्षी चार्ल्स रोल्स हे तरुण गृहस्थ त्यांना भेटले. रोल्स एका लॉर्डचे चिरंजीव होते. त्यांनी केंब्रिजला शिक्षण घेतले होते आणि लंडनमध्ये ते परदेशी मोटारी विकत. एक एवढा श्रीमंत आणि एक पेपर विकून वाढलेला. ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात त्यांची भेट झाली. म्हणजे श्रीमंत माणूस आगगाडीत बसून कारागिराच्या गावाला आला. गाडीत बसल्यावर रोल्स खूश झाले. रॉइस बनवतील तेवढ्या मोटारी मी विकेन, असे ठरले. दोघांच्या नावांवरून रोल्स-रॉइस हे नाव तयार झाले. १९०६ साली त्या नावाची कंपनी निघाली.

मग रॉइस यांनी सहा सिलिंडरची मोठी मोटार बनवली. सहा कशाला, असे तुम्ही विचाराल. चिखलात रुतलेली बैलगाडी दोघांनी पाळीपाळीने ढकलली तर ती धक्के खात जाते. सहा जणांनी एकामागून एक जोर लावला तर ती सरळ चालते. इंजिनातही तसेच होते. या जातीच्या एका गाडीला १९०७ साली चांदीसारखा रंग दिला. ती भुतासारखी गुपचूप चाले, म्हणून तिचे नाव सिल्व्हर घोस्ट, म्हणजे चांदीचे भूत असे ठेवले.

त्या गाडीची मोठी परीक्षा झाली. लंडन आणि ग्लासगो या शहरांत ती रात्रंदिवस फिरवली. फक्त रविवारी विसावा. गाडी सुमारे २३ हजार किलोमीटर चालली. सुरुवातीला एकदाच ती आपोआप थांबली, तेही पेट्रोलची तोटी हादऱ्याने बंद झाली म्हणून. परीक्षेनंतर गाडी खोलून झिजलेले भाग बदलले. खर्च आला २ पौंड, २ शिलिंग आणि ७ पेन्स! गाडीच्या नुसत्या सांगाड्याची किंमत मात्र ९८५ पौंड होती. कंपनी इंजिन आणि सांगाडाच बनवी. वरची बैठक, दारे आणि छप्पर दुसरे कारागीर गिऱ्हाइकाच्या हौसेप्रमाणे करत. म्हणून राजेलोकांच्या गाड्या एकसारख्या दिसत नाहीत.

आता आपल्या महाराष्ट्राची गोष्ट ऐका. १९०८ साली 'पर्ल ऑफ द ईस्ट' म्हणजे पूर्वेचा मोती या नावाची रोल्स-रॉइस मुंबई-कोल्हापूर शर्यतीत उतरली. वाटेत सहा घाट होते. तेव्हा आजच्यासारखे डांबरी रस्ते कोठले? तरी सुमारे एक हजार किलोमीटरमध्ये ती एकदाही बिघडून थांबली नाही. मग ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेतली. पुढे हिंदुस्थानातल्या पुष्कळ संस्थानिकांनी या मोटारी घेतल्या.

त्याच साली डर्बी गावी कंपनीचा मोठा कारखाना सुरू झाला. पण सुखापाठोपाठ दुःख आले. रोल्स यांना विमानाचा नाद होता. १२ जुलै १९१० रोजी त्यांचे विमान कोसळले व ते वारले. तेव्हा ते अवघे ३२ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी रॉइस फार आजारी पडले. कामाच्या नादात ते जेवण विसरत. कारखान्यातल्या पोराला दुधाचा पेला घेऊन त्यांच्या मागे फिरावे लागे, असे सांगतात. लहानपणची उपासमार आणि मोठेपणची ही सवय, दोन्हींनी त्यांचे शरीर खचले. मोठे ऑपरेशन झाले. त्यानंतर ते कारखान्यात राहू शकले नाहीत. समुद्रकाठच्या घरी राहून ते नकाशे काढत आणि ते नकाशे डर्बीला जात. एक परिचारिका त्यांची काळजी घेई. मित्रांनो, कामाची आवड असावी, पण जेवण सोडू नये, हे मी या भागावरून शिकलो.

पहिल्या महायुद्धात रॉइस यांनी विमानाचे इंजिन तयार केले. त्याचे नाव ईगल, म्हणजे गरुड. १९१९ साली अल्कॉक आणि ब्राउन हे दोन वैमानिक न थांबता अटलांटिक महासागर ओलांडून गेले. त्यांच्या विमानाला अशीच दोन इंजिने होती.

म्हातारपणी रॉइस यांनी शर्यतीच्या विमानासाठी 'आर' नावाचे इंजिन करवून घेतले. काठीने वाळूत रेघा ओढून त्यांनी ते आपल्या माणसांना समजावले, असे सांगतात. आधीच्या मोठ्या इंजिनात जास्त हवा कोंबली, वेगळे पेट्रोल वापरले आणि भाग मजबूत केले. त्याची ताकद दोन हजार घोड्यांच्या वर गेली. पहिल्या मोटारीचे घोडे दहा होते, हे आठवा! १९३१ साली त्या विमानाने ताशी सुमारे ६५५ किलोमीटर वेग गाठला. आपला मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. एवढी वाट त्याने तासाभराहून थोड्या जास्त वेळात संपवली असती.

१९३० साली इंग्लंडच्या राजाने त्यांना सर ही पदवी दिली. तरी ते स्वतःला मेकॅनिकच म्हणवत. २२ एप्रिल १९३३ रोजी वेस्ट विटरिंग येथे, वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा जन्मगावच्या चर्चमध्ये ठेवली आहे. गिरणी बुडाली म्हणून जे गाव सुटले, त्याच गावाला ते शेवटी परत गेले.

आज रोल्स-रॉइस मोटारी जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीच्या मालकीच्या आहेत. त्या इंग्लंडमध्ये गुडवुड येथे तयार होतात. २०१८ साली त्यांनी कलिनन ही खडबडीत वाटेवर चालणारी उंच गाडीही काढली. विमानाची इंजिने बनवणारी रोल्स-रॉइस कंपनी वेगळी आहे.

कोणी म्हणेल, श्रीमंतांची गाडी आपल्याला काय कामाची? गाडी नसेल कामाची, पण माणूस कामाचा आहे. काही मुले तेलाने काळे झालेले हात पाहून नाक मुरडतात. रॉइस यांचे हात तसेच होते. त्या हातांच्या मोटारीत बसायला राजे धडपडत होते. आणि येथे जमलेल्या आईवडिलांना माझी एक विनंती आहे. हेन्रीचे शिकणे पैशावाचून थांबले, पण तो एकटाच निभावून गेला. सगळ्या मुलांना तसे जमत नाही. म्हणून कोणाचेही शिक्षण अर्धे राहू देऊ नका. ज्याला पाना धरायची आवड आहे त्याला पाना धरू द्या, आणि शाळेतही पाठवा.

अशा या थोर कारागिरास माझा नमस्कार!

— इयत्ता ४ थी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा