राजे-महाराजांच्या रोल्स रॉईसमागचा माणूस शेवटपर्यंत स्वतःला मेकॅनिकच म्हणवत राहिला

रोल्स रॉईसचं नाव निघालं की आपल्याकडे एक गोष्ट हमखास फॉरवर्ड होते. कुणीतरी महाराज साध्या कपड्यांत लंडनच्या शोरूममध्ये जातात, सेल्समन त्यांना भाव देत नाही, मग महाराज चिडून सगळ्या गाड्या विकत घेतात आणि भारतात आणून कचरा उचलायला लावतात. गोष्ट तीच असते, राजा मात्र प्रत्येक फॉरवर्डमध्ये बदलतो. कधी अलवरचा, कधी पटियाळ्याचा, कधी थेट हैदराबादचा निजाम. यावरून काय ते समजून घ्या.

पण या सगळ्यात एका माणसाचा विषयच निघत नाही. गाडीवर ज्याचं नाव दुसऱ्या नंबरला आहे तो. फ्रेडरिक हेन्री रॉईस. लहानपणी याच लंडनच्या रस्त्यांवर तो पेपर विकायचा.

रॉईसचा जन्म २७ मार्च १८६३ चा. इंग्लंडमधल्या पीटरबरोजवळचं आल्वाल्टन हे त्याचं गाव. वडिलांची पिठाची गिरणी होती, ती बुडाली. पाच भावंडांमधलं हे शेंडेफळ वडिलांसोबत लंडनला आलं आणि १८७२ मध्ये वडीलही गेले. पोरगं तेव्हा नऊ वर्षांचं. पेपर विकणं, तारा पोचवणं, मिळेल ते काम सुरू झालं. शाळा म्हणाल तर सगळी मिळून जेमतेम वर्षभराची.

पंधरा वर्षांचा असताना नशिबाने थोडी साथ दिली. नात्यातल्या एका बाईंनी वर्षाला २० पौंड भरून त्याला पीटरबरोच्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारीला लावलं. कानस कशी चालवायची, लेथवर काम कसं काढायचं, धातूचे दोन तुकडे एकमेकांत फट न राहता कसे बसवायचे, हे तो तिथे शिकला. तीन वर्षांनी त्या बाईंचे पैसे संपले आणि शिक्षण तिथेच थांबलं. उमेदवारी पूर्ण झाली नाही म्हणजे कागदावर तो काहीच नव्हता. मग लीड्समध्ये आठवड्याला ११ शिलिंगवर नोकरी, पुढे लंडनमध्ये विजेच्या दिव्यांची कंपनी. वीज तेव्हा नवीकोरी होती. तिथे डिग्री कुणाकडेच नव्हती, त्यामुळे शिकणाऱ्याला वाव होता. रॉईस रात्री अभ्यास करून ती शिकला.

१८८४ मध्ये त्याने मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर स्वतःचं दुकान थाटलं. त्याच्याकडचे २० पौंड आणि मित्र अर्नेस्ट क्लेअरमाँटचे ५० पौंड, एवढंच भांडवल. सुरुवात दारावरच्या बेलपासून झाली, मग दिव्यांचं सामान, डायनॅमो आणि शेवटी कारखान्यांत लागणाऱ्या विजेच्या क्रेन. धंदा बरा चालला. पण रॉईसला एक खोड होती. तो जेवायचाच नाही. दूध आणि ब्रेडचा तुकडा घेऊन एक पोरगा त्याच्या मागे वर्कशॉपभर फिरायचा म्हणे. ऐकायला मजेशीर वाटतं, पण याचं बिल पुढे आलं. १९०२ च्या सुमारास जर्मन आणि अमेरिकन स्वस्त मालाने धंद्याला धक्का दिला आणि त्याच वेळी रॉईसची तब्येतही ढासळली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, घरच्यांनी त्याला दक्षिण आफ्रिकेला नेलं. प्रवासात वाचायला म्हणून गड्याने काय घेतलं असेल? मोटारगाडी कशी बनते याचं पुस्तक.

परत आला तो डोक्यात गाडी घेऊनच. त्याने डेकोव्हिल नावाची फ्रेंच गाडी विकत घेतली, तीही सेकंडहँड. लोक सांगतात की ती भंगार होती आणि वैतागून रॉईसने स्वतःची गाडी बनवली. खरं तर डेकोव्हिल त्या काळातली चांगली गाडी होती. चांगली होती म्हणूनच त्याने ती पूर्ण खोलली, एकेक भाग हातात घेऊन पाहिला आणि कुठे काय सुधारता येईल ते ठरवलं. त्याने नवीन असं फारसं काही शोधलं नाही. दुसऱ्याने केलेली गोष्ट इतकी घासायची, इतकी नेमकी बसवायची की ती वेगळीच वाटावी, ही त्याची पद्धत. त्याची सगळी कारकीर्द याच एका सवयीवर उभी आहे, असं मला तरी वाटतं.

१ एप्रिल १९०४ ला त्याची पहिली गाडी कुक स्ट्रीटच्या बाहेर पडली. दोन सिलिंडर, १० हॉर्सपॉवर. अशा तीन गाड्या त्याने केल्या.

आता पहिल्या नंबरच्या नावाकडे येऊ. चार्ल्स रोल्स हा लॉर्ड घराण्यातला पोरगा. केंब्रिजला शिकलेला, शर्यती खेळणारा, बलूनमधून उडणारा आणि लंडनमध्ये परदेशी गाड्या विकणारा. इंग्लंडमध्ये बनलेली दमदार गाडी विकायला मिळत नाही ही त्याची खंत होती. दोन सिलिंडरची इंजिनं त्याला आवडायची नाहीत, कारण ती खडखडायची. दोघांचा ओळखीचा असलेल्या हेन्री एडमंड्सने ४ मे १९०४ ला मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलमध्ये भेट घडवली. रोल्स रॉईसच्या गाडीत बसला आणि खडखडाट आलाच नाही. तू बनवशील तेवढ्या गाड्या मी विकतो, असा व्यवहार ठरला आणि १९०६ मध्ये रीतसर कंपनी झाली. एकाच्या घरी पिढीजात पैसा, दुसऱ्याने रस्त्यावर पेपर विकलेले. पण दोघांचं जमलं.

खरी परीक्षा होती सहा सिलिंडरच्या इंजिनाची. सहा सिलिंडर एका ओळीत लावले की खालचा क्रँकशाफ्ट लांब होतो. प्रत्येक स्फोटाला तो किंचित पिळला जातो आणि परत सुटतो, ओला टॉवेल पिळून सोडावा तसा. एका ठरावीक वेगाला ही पीळ-सुट जुळून येते, थरथर वाढते आणि शाफ्ट चक्क तुटतो. त्या काळात भल्याभल्या कंपन्यांना याने घाम फोडला होता. खुद्द रॉईसचं आधीचं सहा सिलिंडरचं इंजिनही यातून सुटलं नव्हतं.

मग त्याने सहा सिलिंडरांचे तीन-तीनचे दोन ठोकळे केले. क्रँकशाफ्ट जाडजूड केला, त्याला सात बेअरिंगांचा आधार दिला आणि दाबाखाली तेल पोचवलं. विजेच्या कामातला माणूस असल्याने प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग दिले. एक सिस्टिम बसली तरी दुसरी चालूच. सात लिटरचं हे इंजिन ज्या गाडीत बसलं, तिची चंदेरी रंगाची एक गाडी सिल्व्हर घोस्ट म्हणून जगभर गाजली.

१९०७ मध्ये या गाडीला लंडन आणि ग्लासगोच्या दरम्यान येरझाऱ्या मारायला लावलं. सुमारे १,००० किलोमीटरवर गाडी एकदा थांबली, कारण हादऱ्याने पेट्रोलचा नळ आपोआप बंद झाला होता. त्यानंतर ती १४,३७१ मैल, म्हणजे २३,००० किलोमीटरच्या वर, एकदाही बंद न पडता चालली. नंतर तपासनिसांनी ती सुटी करून पाहिली. झिजलेले भाग बदलून तिला पुन्हा नव्यासारखं करण्याचा खर्च निघाला २ पौंड, २ शिलिंग आणि ७ पेन्स.

आपला संबंध इथून सुरू होतो. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी गाड्यांची परीक्षा झाली. तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर राजर्षी शाहू महाराज होते आणि घाटरस्ते आजच्यासारखे डांबरी नव्हते. सह्याद्रीचे घाट चढत पर्ल ऑफ द ईस्ट नावाच्या रोल्स रॉईसने ती परीक्षा मारली आणि पुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी ती गाडी घेतली. त्यानंतर संस्थानिकांच्या रांगा लागल्या आणि शेकडो गाड्या भारतात आल्या.

पण एक गंमत लक्षात घ्या. फोटोत दिसतो तो चांदीचा मुलामा, हस्तिदंती मुठी, शिकारीसाठी लावलेले सर्चलाइट, यातलं काहीही रॉईसने केलेलं नाही. त्या काळात कंपनी फक्त सांगाडा आणि इंजिन विकायची, वरचं अंग गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून बनवून घ्यायचं. राजांची हौस बॉनेटच्या वर होती. रॉईसचं काम बॉनेटच्या खाली.

१२ जुलै १९१० ला रोल्स विमान अपघातात गेला. वय फक्त ३२. पुढच्या दोन वर्षांत रॉईसही मरणाच्या दारात जाऊन आला, मोठं ऑपरेशन झालं. कंपनीचा कारभारी क्लॉड जॉन्सन याने ओळखलं की हा माणूस डर्बीच्या कारखान्यात गेला तर काम करून करून मरेल. म्हणून त्याला कारखान्यापासून लांब ठेवलं. हिवाळ्यात दक्षिण फ्रान्स, एरवी इंग्लंडचा समुद्रकिनारा, शेवटची वर्षं वेस्ट विटरिंग गावात. सोबत नर्स एथेल ऑबिन आणि ड्रॉइंग काढणारी मोजकी माणसं. तिथून नकाशे डर्बीला जायचे, बनवलेले भाग तपासायला परत यायचे. पुढची वीसेक वर्षं रॉईसने जगातली नावाजलेली इंजिनं कारखान्यात पाऊल न ठेवता बनवली. वर्क फ्रॉम होम म्हणतात ते हेच.

पहिल्या महायुद्धात त्याने ईगल हे विमानाचं इंजिन केलं. १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राउन यांनी न थांबता अटलांटिक ओलांडला, तेव्हा त्यांच्या विमानाला अशी दोन इंजिनं होती. नंतर श्नायडर ट्रॉफीची विमान शर्यत आली. तिच्यासाठीच्या नव्या इंजिनाची आखणी रॉईसने वेस्ट विटरिंगच्या वाळूत काठीने केली, असं सांगतात. त्या आर इंजिनाच्या जोरावर ब्रिटनने १९२९ ची शर्यत जिंकली आणि १९३१ मध्ये ट्रॉफी कायमची घरी नेली. त्याच महिन्यात या विमानाने ताशी ६५५ किलोमीटरचा विक्रम केला. १९३० मध्ये रॉईस सर हेन्री झाला. तरी आपली ओळख मेकॅनिक अशीच सांगायची त्याची सवय सुटली नाही.

त्याच्या शेवटच्या दिवसांत एक नवं १२ सिलिंडरचं इंजिन कागदावरून धातूत उतरत होतं. सरकारने पैसे दिले नव्हते, कंपनी स्वतःच्या खिशातून करत होती. अंथरुणात पडूनही रॉईसने गाडीच्या शॉक अब्सॉर्बरची एक सुधारणा पाकिटावर खरडून कारखान्याला पाठवली, असं म्हणतात. २२ एप्रिल १९३३ ला तो गेला, सत्तरीत. आणि हो, त्याच्या दुखवट्यात गाडीवरची लाल अक्षरं काळी केली, ही गोष्टही फॉरवर्डवालीच. तो निर्णय त्याच्या हयातीतच झाला होता.

ते बारा सिलिंडरचं इंजिन त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला पहिल्यांदा सुरू झालं. पुढे त्याला मर्लिन हे नाव मिळालं आणि १९४० मध्ये हिटलरच्या विमानांना अडवणाऱ्या स्पिटफायर आणि हरिकेनच्या नाकात तेच गुरगुरत होतं. रॉईसच्या अस्थी आधी डर्बीच्या कारखान्यात होत्या. १९३७ मध्ये त्या आल्वाल्टनच्या चर्चमध्ये नेल्या, जिथे त्याच्या बापाची गिरणी होती.