मुतखड्यातील स्फटिक वाचणाऱ्या कॅथलीन लॉन्सडेल

एप्रिलच्या उन्हात नाशिकच्या द्राक्षबागांमध्ये खरड छाटणी करताना अंगातले पाणी घामावाटे निघून जाते. लघवी घट्ट होते आणि त्यातील क्षारांचे खडे बनू लागतात. खडा पडला की सुटलो म्हणून बरेचजण तो टाकून देतात. पण तो कोणत्या स्फटिकांचा आहे, यावर पुढचे उपचार ठरतात. हे स्फटिक क्ष-किरणांनी ओळखण्याच्या कामात कॅथलीन लॉन्सडेल यांचा मोठा वाटा आहे.

कॅथलीन यार्डली यांचा जन्म २८ जानेवारी १९०३ रोजी आयर्लंडमधील न्यूब्रिज येथे झाला. दहा भावंडांत त्या शेंडेफळ. घरची ओढाताण होती. पुढे आई मुलांना घेऊन इंग्लंडला आली. मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवत नसत, म्हणून कॅथलीन त्या तासांना मुलांच्या शाळेत जात. १९२२ मध्ये त्या पदवी परीक्षेत पहिल्या आल्या आणि विल्यम हेन्री ब्रॅग यांनी त्यांना आपल्या संशोधनगटात घेतले. स्फटिकातून गेलेल्या क्ष-किरणांचे ठिपके फोटोच्या काचेवर उमटतात. त्यांच्या जागांवरून आणि तीव्रतेवरून आतील अणूंची मांडणी गणिताने शोधायची, हे तिथले काम.

१९२७ मध्ये थॉमस लॉन्सडेल यांच्याशी लग्न झाल्यावर त्या लीड्सला गेल्या. बेंझीनचे कडे सपाट की वाकडे, हा वाद अनेक दशके चालू होता. हेक्सामिथाइलबेंझीनच्या स्फटिकाचा अभ्यास करून १९२९ मध्ये त्यांनी ते सपाट असल्याचे दाखवले. त्याच वर्षी पहिली मुलगी झाली. मुले लहान असताना घरी बसून त्यांनी किचकट आकडेमोड हाताने केली.

त्या क्वेकर पंथाच्या आणि युद्धविरोधी होत्या. दुसऱ्या महायुद्धात नागरी संरक्षणासाठी नाव नोंदवायला आणि त्याबद्दलचा दंड भरायला त्यांनी नकार दिला. १९४३ मध्ये महिनाभर तुरुंगात राहावे लागले. दोनच वर्षांनी, १९४५ मध्ये, त्या आणि मार्जरी स्टीफन्सन रॉयल सोसायटीच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या.

साठीच्या उंबरठ्यावर त्या मानवी खड्यांकडे वळल्या. त्यांच्या सहकारी जून सुटर यांनी १९६२ मध्ये एक वेगळी गोष्ट मांडली होती. रेणूतील हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे किंवा नायट्रोजनकडे ओढला जातो, तो हायड्रोजन बंध. कार्बनला जोडलेला हायड्रोजनही असा बंध करू शकतो, असे सुटर यांचे म्हणणे होते. तेव्हा ते नाकारले गेले. पुढे खरे ठरले. एकेकटा हायड्रोजन बंध दुबळा असतो, पण असंख्य बंध मिळून स्फटिक घट्ट धरतात. युरिक ॲसिडचे खडे त्याचेच उदाहरण.

एकाच खड्यात वेगवेगळ्या क्षारांचे थर का सापडतात? एका स्फटिकाच्या पृष्ठभागावरील अणूंची अंतरे दुसऱ्याच्या अंतरांशी जुळली, तर पहिल्याच्या पाठीवर दुसरा वाढू शकतो. युरिक ॲसिडवर कॅल्शियम ऑक्झलेट असे बसू शकते, हे लॉन्सडेल यांनी १९६८ मध्ये मांडले.

ही ओळख रुग्णाच्या कामाची आहे. लघवीची आम्लता औषधाने कमी केली की युरिक ॲसिडचा खडा विरघळू शकतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा तसा विरघळत नाही. मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटचा खडा जंतुसंसर्गातून होतो, तिथे खड्यासोबत संसर्गही काढावा लागतो.

१९६६ मध्ये लॉन्सडेल आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. षट्कोनी रचनेच्या हिऱ्याला लॉन्सडेलाइट हे नाव त्यांच्यावरूनच मिळाले. १ एप्रिल १९७१ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

तेव्हा खडा पडला तर धुऊन स्वच्छ डबीत ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. तपासणीसाठी तो द्यावा का, हे विचारा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले नसेल, तर लघवी फिकट राहील इतके पाणी उन्हाळ्यात पीत राहा.