म्हसोबाचं मोडलेलं लग्न

बँकेनं मला १९८७ साली पुण्याच्या पूर्वेकडच्या एका खेड्यातल्या शाखेत पाठवलं. गावाचं नाव सांगत नाही. या गोष्टीतली काही माणसं अजून तिथं आहेत आणि चूक त्यांच्यापेक्षा माझीच अधिक आहे.

शाखेसमोरच्या माळावर करंजाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला एक धोंडा होता. तो म्हसोबा. ओढ्यापलीकडे तसाच, पण जरा लहान तांदळा होता. ती जोगूबाई. वर्षातून एकदा गाव या दोघांचं लग्न लावी. रीतसर हळद लागे, अंतरपाट धरला जाई, अक्षता पडत. आदल्या रात्री धनगरवाड्यातली एक म्हातारी ओव्या म्हणे. म्हसोबा कुठून आला, वाटेत कुठं कुठं बसला, जोगूबाई त्याच्यावर का रुसली, अशी ती लांबलचक कहाणी असे. एका वर्षी मीही तिथं बसलो होतो. ओव्या कानावर पडल्या इतकंच. डोक्यात पीककर्जाची थकबाकी होती.

पुढच्या वर्षी गावात जीर्णोद्धार समिती स्थापन झाली. समितीचं खातं अर्थातच आमच्या शाखेत. मंडळी मला सल्ला विचारायला आली आणि मीही लहानपणी ऐकलेल्या पुराणांच्या जोरावर तो दिला. जोगूबाई म्हणजे योगेश्वरी, योगेश्वरी म्हणजे साक्षात दुर्गा, असं मी कलशारोहणाच्या व्यासपीठावरून सांगितलं. टाळ्या पडल्या. ओढ्याकाठी सिमेंटचं देऊळ झालं, संगमरवरी महिषासुरमर्दिनी आली. तिच्या पायाखाली, त्रिशूळ खुपसलेला, रेडा.

लग्नाचा दिवस जवळ आला तेव्हा पंचाईत झाली. नवरदेव तर नवरीच्या पायाखाली मरून पडलेला! भटजी म्हणाले, असं लग्न शास्त्रात नाही. शाळेचे विज्ञानाचे गुरुजी म्हणाले, दगडांची लग्नं लावणं एकदाचं थांबलं हे उत्तमच झालं. एरवी या दोघांचं कधी एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. लग्न राहिलं ते राहिलंच. म्हातारी निराधार योजनेच्या पैशांसाठी अंगठा उठवायला शाखेत आली, तेव्हा तिनं मला एवढंच विचारलं, की देवाची काडीमोड कुणी केली. मी हसून वेळ मारून नेली.

त्यानंतर दहा वर्षांनी दामोदर धर्मानंद कोसंबी यांचं ‘मिथ अँड रिअॅलिटी’ हे पुस्तक माझ्या हाती आलं. त्यात माझा म्हसोबा होता आणि जोगूबाईही होती. ते लग्न लागत का होतं, हे त्यात समजावलेलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कोसंबी हे नाव आज अनेकांना इतिहासकार म्हणून माहीत असतं. पण हा माणूस मुळात गणिती. ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातल्या कोसबें या गावी त्यांचा जन्म झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. बुद्धाच्या ओढीनं तरुणपणी घरदार सोडून ते बाहेर पडले, काशी-नेपाळ करत सिलोनला पोचले, तिथं भिक्षू झाले आणि पुढं परतून संसारालाही लागले. १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला त्यांनी अन्नत्याग करून शांतपणे देह ठेवला. धर्म ही काय चीज आहे, ती माणसाकडून काय काय करून घेते, हे मुलानं पुस्तकात वाचण्याआधी घरातच पाहिलं होतं.

वडील हार्वर्डला पाली ग्रंथाच्या संपादनासाठी निघाले तेव्हा, १९१८ साली, दामोदरही थोरल्या बहिणीबरोबर अमेरिकेला गेला. शिक्षण बहुतेक तिकडंच झालं. १९२९ साली हार्वर्डची पदवी त्यानं सर्वोच्च श्रेणीत मिळवली. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन या भाषा आत्मसात केल्या. अशा मुलाला तिथं काय कमी होतं? पण तो परत आला. काशी हिंदू विश्वविद्यालय, मग अलीगढ, आणि १९३३ पासून पुण्याचं फर्ग्युसन महाविद्यालय, असा प्राध्यापकीचा प्रवास झाला. होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली, तेव्हा गणितासाठी त्यांनी कोसंबींना बोलावून घेतलं. घर मात्र पुण्यातच, भांडारकर संस्थेजवळ. सकाळी डेक्कन क्वीननं मुंबई, संध्याकाळी पुणे, असा क्रम वर्षानुवर्षं चालला.

त्यांच्या गणितातलं मला फारसं कळत नाही. पण आनुवंशिकीत गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर मोजायचं एक सूत्र त्यांनी १९४०च्या दशकात मांडलं आणि ते आजही त्यांच्याच नावानं वापरलं जातं, एवढं जाणकारांकडून समजलं. मला भुरळ पडली ती त्यांच्या नाण्यांच्या कामाची. बत्तीस वर्षं मी पैसे मोजले. त्यांनी ते तोलले. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, वजनात उतरतं. पुष्कळ नाणी तोलली तर ही झीज हिशेबात पकडता येते, आणि एखाद्या निधीतली कुठली नाणी आधीची, कुठली नंतरची, हे सांगता येतं. तक्षशिलेला सापडलेली प्राचीन आहत नाणी त्यांनी अशी एकेक करून तोलली. पद्धत बरोबर आहे ना, हे पडताळायला आपल्या काळातली चलनी नाणीही हजारोंनी तोलली. आमच्या कॅश काउंटरवर गुळगुळीत झालेलं नाणं आलं की आम्ही ते परत सारायचो. त्या झिजेत इतिहास असतो, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

नाण्यांवरून ते राजांकडं गेले, भर्तृहरीच्या शतकांच्या शेकडो हस्तलिखितांवरून संस्कृत साहित्याकडं. आणि शेवटी या सगळ्या राजांच्या नि कवींच्या आधी इथं जी माणसं राहत होती, त्यांच्याकडं. त्या माणसांनी ना नाणी पाडली, ना शिलालेख कोरले. त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं?

इथं कोसंबींनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी सुरुवात केली एका जुन्या नाटकापासून. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त चारुदत्त आपल्या मित्राला, मैत्रेयाला, संध्याकाळी चव्हाट्यावर मातृदेवतांना बळी ठेवून यायला सांगतो. आपण हे वाचून पुढं जातो. कोसंबी थांबले. मातृदेवता चव्हाट्यावरच का? घरात का नाही, देवळात का नाही?

मग लोखंडी टोकाची काठी घेऊन ते पुण्याच्या आसपासच्या टेकड्या नि माळ पालथे घालू लागले. जिथं शेंदूर फासलेली आई, तिथं थांबायचं. पुजाऱ्याला नव्हे, तर बाया-बापड्यांना विचारायचं. ही कुणाची देवी, कुठून आली, नवस कसला, बळी कशाचा, नैवेद्य कोण आणतं? आणि मग खाली वाकून जमीन बघायची. बऱ्याच ठिकाणी त्यांना गारगोटीसारख्या दगडाचे, बोटाच्या पेराएवढे, धारदार कपचे सापडले. ही अश्मयुगातल्या माणसांची हत्यारं. शेती येण्याआधी शिकार करत, कंदमुळं गोळा करत, ऋतूंबरोबर हिंडणाऱ्या टोळ्यांच्या वाटा जिथं एकमेकींना मिळत, तिथं त्या टोळ्या भेटत, देवघेव करत, आपापल्या देवी पुजत. पुढं गावं वसली, नांगर आले, रस्ते बदलले. आई मात्र जुन्या तिठ्यावर बसून राहिली. म्हणूनच पुष्कळ देवींची ठाणी गावात नसतात, शिवाराच्या कडेला असतात.

दगडाचा तो कपचा तरी मेलेला होता का? धनगर मेंढे खच्ची करायला ताज्या काढलेल्या दगडी कपच्याचीच धार वापरत, हे कोसंबींनी नोंदवलं. आषाढात पालख्या ज्या वाटांनी पंढरीला जातात, त्या वाटांवरही त्यांना हेच कपचे मिळाले. तेव्हा वारीच्या वाटेखाली त्याहून कितीतरी जुनी, ऋतुमानानं हिंडणाऱ्या माणसांची वाट असावी, असा त्यांचा तर्क. वारकरी असलेल्या माझ्या आजोबांना मी हे सांगू शकलो असतो, तर ते रागावले असते की सुखावले असते, मला ठरवता येत नाही.

आणि लग्नाचं काय? पुरंदर तालुक्यातल्या वीर गावी म्हस्कोबाचं जोगूबाईशी दर माघात लग्न लागतं. हा देव धनगरांबरोबर दूर सोनारीहून आला, अशी तिथली परंपरा. कोसंबींनी ती गांभीर्यानं घेतली. गुरं-मेंढरं हाकणारी माणसं आपला पुरुष देव घेऊन आली. इथं आधीपासून असलेल्या माणसांची देवी होती. आधी झगडा झाला असेल. मग दोन्हीकडचे लोक एकत्र नांदू लागले आणि त्यांच्या देवांचं लग्न लागलं. जिथं जमलं नाही तिथं देवीनं रेडारूपी असुराला मारलं. एकाच जोडीच्या या दोन कहाण्या. म्हसोबा एकीकडे जोगूबाईचा नवरा आणि दुसरीकडे तिनंच वधलेला महिषासुर! हे विसंगत वाटतं खरं, पण त्या विसंगतीतच दोन समाजांची भांडणं आणि सोयरीक साठवलेली आहे. पोथीत झगडा टिकला आणि खेड्यात सोयरीक.

आता माझी झोप का उडाली ते वाचकांच्या लक्षात येईल. मी टाळ्या घेत जे भाषण केलं होतं, त्यानं एका गावाची सोयरीक पुसून तिथं झगडा बसवला होता.

कोसंबी काही श्रद्धेचे कैवारी नव्हते, हेही सांगायला हवं. ते पक्के मार्क्सवादी. अंधश्रद्धेची त्यांना चीड होती. खेड्याला पाणी, शाळा, दवाखाना हवा, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. त्यांनी अणुशक्तीच्या डामडौलाला विरोध केला आणि भारतासारख्या देशानं सूर्याच्या उष्णतेचा उपयोग करावा, असं १९६० च्या आगेमागे सांगितलं. अशा माणसानं शेंदराच्या धोंड्यापुढं उकिडवं बसून म्हाताऱ्यांना प्रश्न विचारावेत, हे त्यांच्या काही विद्वान समकालीनांना विचित्र वाटलं. पण त्यांच्या लेखी खोटी समजूत हीसुद्धा खऱ्या माणसांनी, खऱ्या गरजेपोटी घडवलेली वस्तू होती. ती फेकण्याआधी वाचली पाहिजे.

दुसऱ्या बाजूनं माझ्या मनात एक किल्मिषही आहे. कहाणीचा अर्थ लागला की कहाणी उरते का? कोसंबींनी लग्नाचं कारण दिलं, पण म्हातारीच्या ओवीतला जोगूबाईचा रुसवा कारणात मावत नाही. नव्या देवळानं ती कहाणी खोटी ठरवली, गुरुजींनी ती निरर्थक ठरवली आणि इतिहासकारानं तिला पुरावा केलं. तिसरी वागणूक पहिल्या दोहोंपेक्षा पुष्कळ बरी, यात वाद नाही. पण गाणं तिच्यातही गातं राहत नाही.

त्यांचा शेवटचा काळ सुखाचा नव्हता. गणितातल्या एका जगप्रसिद्ध, न सुटलेल्या कोड्याची, रीमनच्या सिद्धांतकल्पनेची, उकल सापडल्याचा दावा त्यांनी एका शेतीविषयक सांख्यिकीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तो टिकला नाही. नाव खराब झालं. १९६२ साली टाटा संस्थेनं त्यांची नेमणूक पुढं चालू ठेवली नाही. मौज अशी, की ‘मिथ अँड रिअॅलिटी’ प्रसिद्ध झालं तेही त्याच वर्षी. प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं त्यांचं पुस्तक १९६५ साली आलं. २९ जून १९६६ च्या पहाटे, पुण्याच्या घरी, झोपेतच ते गेले. वय अवघं अठ्ठावन्न.

पुस्तक वाचल्यावर मी त्या गावी गेलो. म्हातारी जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या सुनेला ओव्या येत नव्हत्या. मुलाला त्या असल्याचंच आठवत नव्हतं. समितीच्या अध्यक्षांनी प्रेमानं चहा पाजला. करंजाखालचा म्हसोबा जागेवर होता, पण रस्तारुंदीत झाड जायचं होतं. कोसंबींसारखं खाली वाकून जमीन पाहिली. मला ओळखू येईल असं काही मिळालं नाही.

निघताना सुनेला एक गोष्ट आठवली. लग्नाची हळद नेहमी जोगूबाईकडून यायची आणि ती दळायचा मान त्यांच्याच घराचा होता. ते जातं अजून परसात आहे म्हणाली. तिनं मला ते दाखवलं. वरची तळी उचलून भिंतीला टेकवून ठेवली होती. ती म्हणाली, की सासू दळताना काहीतरी म्हणायची खरी, पण जात्याच्या घरघरीत आम्ही कधी नीट ऐकलं नाही.

मी माझ्या डायरीत तेवढंच लिहून आणलं. हळद जोगूबाईकडून, मान धनगरांच्या घरी. दोन ओळींची नोंद. आपल्या घरात, शेजारात कुणी ऐंशीच्या पुढची बाई असेल, तर आपलं कुलदैवत कुठून आलं आणि कुणावर रुसलं, हे तिला या रविवारी विचारून पाहावं. माझ्यासारखी थकबाकी डोक्यात ठेवून मात्र बसू नये.