सॉल मरँट्झ: स्वतःच्या रेकॉर्ड नीट ऐकता याव्यात म्हणून

होम थिएटरचा रिसीव्हर घ्यायला गेलात तर मरँट्झ हे नाव दिसतंच. बऱ्याच जणांना ते जपानी वाटतं. प्रत्यक्षात ते एका अमेरिकन माणसाचं आडनाव आहे. सॉल मरँट्झ, जन्म १९११, ब्रुकलिन, न्यूयॉर्क. आणि हे गृहस्थ इंजिनिअर नव्हते. पोटापाण्यासाठी ते ग्राफिक डिझाइनची फ्रीलान्स कामं करायचे. गिटार वाजवायचे, आणि इलेक्ट्रॉनिक्सची खुडबुड हा त्यांचा छंद होता.

दुसऱ्या महायुद्धातली लष्करातली नोकरी संपवून घरी आल्यावर त्यांनी आपल्या मर्क्युरी गाडीतला रेडिओ काढला आणि घरात बसवायला घेतला. गाडीचा रेडिओ नुसता आणून टेबलावर ठेवला म्हणून चालत नाही, त्याच्या जोडीला बरंच काही बनवावं लागतं. ते बनवता बनवता त्यांचा हात बसला.

मग १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने एलपी रेकॉर्ड बाजारात आणली आणि एक नवीनच डोकेदुखी सुरू झाली. ती समजली तरच मरँट्झ यांनी काय केलं ते कळेल, म्हणून जरा थांबूया.

रेकॉर्डवर आवाज जसाच्या तसा कोरता येत नाही. खर्जाचे सूर पूर्ण ताकदीने कोरले तर सुई इतकी डावी-उजवीकडे हलते की खाच शेजारच्या खाचेत घुसते. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम दाबतात. उलट बारीक, तीक्ष्ण सूर चढवून कोरतात, म्हणजे वाजवताना ते परत खाली आणले की रेकॉर्डची खरखरही सोबत खाली जाते. हे गणित उलटवायचं काम प्रीॲम्पचं. शिवाय सुईकडून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो, तोही त्यालाच मोठा करून पुढे द्यायचा असतो.

अडचण अशी, की किती दाबायचं आणि किती चढवायचं हे त्या काळी प्रत्येक रेकॉर्ड कंपनी आपापलं ठरवायची. आपल्याकडे युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपीत टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसायची, तसलाच प्रकार. रेकॉर्ड चांगली, प्लेअर चांगला, तरी एका कंपनीची रेकॉर्ड किरकिरी वाजायची आणि दुसरीची गोधडीत गुंडाळल्यासारखी.

मरँट्झ यांच्याकडे रेकॉर्ड भरपूर होत्या, त्यामुळे त्रासही भरपूर. काही वर्षं खपून त्यांनी क्यू गार्डन्समधल्या घरातच एक प्रीॲम्प तयार केला. खर्जासाठी एक नॉब, वरच्या सुरांसाठी दुसरा. रेकॉर्ड ज्या कंपनीची, त्याप्रमाणे दोन्ही फिरवायचे. नाव ठेवलं ऑडिओ कन्सोलेट. मित्रांनी ऐकला, त्यांनाही हवा झाला. १९५२ मध्ये त्यांनी धीर करून शंभर नग बनवायचे ठरवले, आणि वर्षभरात चारशेची मागणी आली असं कंपनीच्या इतिहासात सांगतात. पुढच्याच वर्षी कंपनी रीतसर सुरू झाली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, कारण १९५४ मध्ये अमेरिकन रेकॉर्ड उद्योगाने आरआयएए हा एकच कर्व्ह ठरवला. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल, म्हणजे व्होल्टेजमध्ये दहा पट उचल, आणि २० किलोहर्ट्झला जवळपास तितकीच घट. ज्या दुखण्यावर औषध विकत होते ते दुखणंच हळूहळू बरं होणार होतं. पण तोवर मरँट्झ यांनी सिडनी स्मिथ नावाचा अव्वल इंजिनिअर सोबत घेतला होता. १९५६ मध्ये आलेला मॉडेल २ हा व्हॉल्व्हवरचा ४० वॅटचा पॉवर ॲम्प्लिफायर स्मिथ यांच्या डिझाइनचा.

दोन वर्षांनी स्टिरिओ रेकॉर्ड आल्या आणि मॉडेल ७ आला. हा त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रीॲम्प. आत फक्त सहा ईसीसी८३ व्हॉल्व्ह. आरआयएएची दुरुस्ती वेगळ्या फिल्टरने न करता थेट निगेटिव्ह फीडबॅकमध्येच बसवलेली, म्हणजे आउटपुटचा काही भाग मागे फिरवून इनपुटपाशी वजा करायचा, आणि कुठली फ्रिक्वेन्सी किती वजा होईल यावरच कर्व्ह ठरवायचा. त्यामुळे एकाच रचनेत कर्व्हही मिळतो आणि डिस्टॉर्शनही कमी होतं. हे सर्किट पुढे हौशी मंडळींनी इतक्यांदा उतरवून काढलंय की व्हॉल्व्ह प्रीॲम्प बनवणाऱ्या बहुतेकांच्या वहीत ते सापडेल. बाहेरचा सोनेरी पॅनेल आणि नॉबांची मांडणी मात्र डिझायनर माणसाच्या नजरेची. मला विचाराल तर आतलं सर्किट स्मिथ यांचं असलं, तरी ‘हे अजून नीट झालेलं नाही’ असं म्हणायचा हट्ट मरँट्झ यांचा होता.

त्याच हट्टाने घात केला. १९६१ मध्ये अमेरिकेत स्टिरिओ एफएम सुरू झालं, आणि मरँट्झ यांनी सर्वोत्तम ट्यूनर बनवायचं मनावर घेतलं. स्मिथ यांच्या जोडीला रिचर्ड सेक्वेरा होते. मॉडेल १०बीच्या तोंडावर चक्क एक छोटा ऑसिलोस्कोप बसवला होता. एफएमचा सिग्नल इमारतींवर आपटून उशिरा पोचला की आवाज बिघडतो. तो बिघाड पडद्यावर बघून अँटेना फिरवता यायचा. वस्तू अफलातून झाली, पण ती तयार होईपर्यंत खर्च कंपनीच्या आवाक्याबाहेर गेला. रिलीजची तारीख पुढे ढकलत राहणं काय असतं हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, फक्त इथे पैसा गुंतवणूकदाराचा नसून घरचा होता.

१९६४ मध्ये कंपनी कॅलिफोर्नियाच्या सुपरस्कोपला विकावी लागली. मरँट्झ काही वर्षं तिथेच राहिले आणि १९६८ मध्ये बाहेर पडले. उत्पादन जपानला गेलं, आणि म्हणूनच आज ते नाव आपल्याला जपानी वाटतं.

साठी गाठल्यावर त्यांनी जॉन डालक्विस्ट यांच्याबरोबर पुन्हा नवी कंपनी काढली. तिचा डीक्यू-१० हा स्पीकर खूप नावाजला गेला. या वेळी पेटीवर नाव डालक्विस्ट यांचं होतं.

१९९० च्या दशकाच्या मध्यात मरँट्झ ब्रँडच्या नव्या मालकांनी मॉडेल ७ ची हुबेहूब नक्कल करून ती पुन्हा बाजारात आणली. सॉल मरँट्झ तेव्हा हयात होते. जानेवारी १९९७ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी ते गेले.