शंतनुराव किर्लोस्कर

शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर (२८ मे १९०३ – २४ एप्रिल १९९४) हे मराठी अभियंते व उद्योजक होते. पुण्यातील किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीच्या उभारणीसाठी ते प्रामुख्याने ओळखले जातात. या कंपनीच्या डिझेल इंजिनांमुळे महाराष्ट्रातील कोरडवाहू भागांत विहिरीच्या पाण्यावर बागायत करणे अनेक शेतकऱ्यांना शक्य झाले.

जीवन व शिक्षण

त्यांचा जन्म सोलापूर येथे लक्ष्मणराव व राधाबाई या दांपत्याच्या पोटी झाला. लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. तेथे लोखंडी नांगर, कडबा कापण्याची यंत्रे व पुढे पंप तयार होऊ लागले. शंतनुरावांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतून १९२६ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी मिळवली. मायदेशी परतल्यावर ते वडिलांच्या कारखान्यात रुजू झाले.

इंजिननिर्मिती

१९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या स्थापन झाल्या. वीज नसलेल्या गावी पंपाला इंजिन आणि वीज असलेल्या गावी मोटर, अशी दुहेरी सोय त्यामुळे झाली. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याची जाळपोळ झाली. तो पुन्हा उभा करण्यात आला.

कंपनीचे एव्ही-१ हे इंजिन विशेष प्रसिद्ध आहे. एक उभे सिलिंडर, ८० मि.मी. व्यास, ११० मि.मी. धाव, ५ अश्वशक्ती आणि मिनिटाला १५०० फेरे, अशी त्याची रचना आहे. जुन्या आडव्या इंजिनांचा वेग मिनिटाला काहीशे फेरेच असे. वेग वाढल्याने कमी वजनात तेवढीच शक्ती मिळू लागली. मात्र भागांच्या अचूकतेची गरजही वाढली.

व्हॉल्व्हची स्प्रिंग हे याचे चांगले उदाहरण आहे. कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरत असल्याने १५०० फेऱ्यांच्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळा उघडतो. तो वेळेवर मिटवणे आणि त्याला हलवणारे भाग कॅमला चिकटून ठेवणे हे स्प्रिंगचे काम असते. त्यासाठी लागणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेच भाग ५०० ऐवजी १५०० फेऱ्यांवर चालवायचे झाल्यास नऊपट जोर लागतो. स्प्रिंग कमजोर असल्यास व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, दाब गळतो आणि प्रसंगी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो. ती अवाजवी कडक असल्यास कॅम झिजतो व शक्ती वाया जाते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावरही स्प्रिंगच्या वेटोळ्यांत थोडी फट उरावी लागते. शर्यतीच्या इंजिनांत याच कारणांसाठी बहुधा एकात एक बसवलेल्या दोन स्प्रिंगा वापरतात.

मराठवाड्यातील वापर

नांदेड व लातूर परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. गोदावरी व मांजरा नद्यांचे काठ वगळता येथील शेतीचा आधार म्हणजे काळ्या खडकात खोदलेल्या विहिरी. विजेचे जाळे पोचेपर्यंत मोटेला पर्याय म्हणून डिझेल इंजिनच उपलब्ध होते. उन्हाळ्यात इंजिन बंद पडल्यास उभे पीक वाळण्याची भीती असे. त्यामुळे गावातच होणारी दुरुस्ती आणि बाजारात मिळणारे सुटे भाग यांना इंजिनाच्या किमतीइतकेच महत्त्व होते. व्हॉल्व्हची बैठक घासून दुरुस्त केली की व्हॉल्व्ह खोल बसतो, स्प्रिंग सैल पडते आणि टॅपेटची फट कमी होते. अशा वेळी स्प्रिंगखाली योग्य जाडीची चकती घालून मूळ उंची साधावी लागते व फट पुन्हा जुळवावी लागते. ठरलेल्या मापाचे भाग मिळत असल्याने असे काम तालुक्याच्या गावातील कारागिरालाही करता येई.

उत्तरायुष्य व सन्मान

१९६२ मध्ये अमेरिकन कंपनीच्या भागीदारीत किर्लोस्कर कमिन्सची स्थापना होऊन पुण्यात अधिक शक्तीच्या इंजिनांची निर्मिती सुरू झाली. भारत सरकारने शंतनुरावांना १९६५ मध्ये पद्मभूषण देऊन गौरवले. त्यांचे 'कॅक्टस अँड रोझेस' हे इंग्रजी आत्मचरित्र १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या जन्मशताब्दी वर्षात, २००३ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.