फेजवाल्यांचा मास्तर

मॉलिक्युलर बायोलॉजीच्या कुठल्याही डिपार्टमेंटमध्ये चक्कर मारा. एमएस्सीची मुलं पेट्री डिश उजेडाकडे धरून ठिपके मोजत असतात. कोणी ई. कोलायच्या नळ्या सांभाळत असतं. आणि सेमिनारला उभं राहायची पाळी ज्याच्यावर आलीय, त्याच्या पोटात गोळा आलेला असतो. आपल्याला हे सगळं नेहमीचं वाटतं. पण नव्वद वर्षांपूर्वी हा विषयच अस्तित्वात नव्हता. त्याचा ना सिलॅबस होता, ना प्रॅक्टिकल, ना शिकवणारे. पुढे ज्या माणसानं हा विषय शिकवायची पद्धत घालून दिली, तो जीवशास्त्राचा पदवीधरही नव्हता. त्याचं नाव मॅक्स डेलब्रुक.

प्राध्यापकांच्या गल्लीतला मुलगा

मॅक्सचा जन्म ४ सप्टेंबर १९०६चा, बर्लिनचा. वडील हान्स डेलब्रुक बर्लिन विद्यापीठात इतिहासाचे नामांकित प्राध्यापक. आईचे आजोबा म्हणजे रसायनशास्त्रातले दिग्गज युस्टुस फॉन लीबिग. सात भावंडांत मॅक्स शेंडेफळ. घर ग्रुनेवाल्ड भागात, आजूबाजूलाही विद्वानांचीच घरं. अशा वातावरणात आपली वेगळी ओळख करायची तर घरात कोणालाच येत नाही असं काहीतरी निवडायला हवं. मॅक्सनं खगोलशास्त्र निवडलं.

पण १९२०च्या दशकात जर्मनीत शिकणाऱ्या हुशार मुलाला क्वांटम भौतिकीपासून लांब राहणं अवघडच होतं. गॉटिंगेनला ते नवं शास्त्र अक्षरशः घडत होतं. मॅक्स ताऱ्यांवरून अणूंकडे वळला आणि १९३०मध्ये सैद्धांतिक भौतिकीत डॉक्टर झाला. पुढे फेलोशिपवर तो कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे गेला.

१९३२च्या ऑगस्टमध्ये बोर यांनी एक भाषण दिलं. प्रकाश कधी लहरींसारखा वागतो, कधी कणांसारखा. तसंच काहीसं कोडं सजीवांमध्येही दडलेलं असेल का, असा त्यांचा प्रश्न होता. बहुतेकांनी तो ऐकून सोडून दिला. मॅक्सनं मात्र त्यासाठी आयुष्याचा रस्ता बदलला.

देश सुटला

त्याच वर्षी तो बर्लिनला लीझे माइटनर यांचा सहायक झाला. दिवसा अणुभौतिकी आणि उरलेल्या वेळात आईच्या घरी भौतिकी आणि जीवशास्त्रवाल्यांची खासगी बैठक. त्या बैठकांतून १९३५मध्ये तिमोफेएफ-रेसोव्स्की, त्सिमर आणि डेलब्रुक यांचा शोधनिबंध निघाला. क्ष-किरणांनी जनुकात बदल होतो, त्याअर्थी जनुक म्हणजे एखादा स्थिर रेणू असावा, असा त्यांचा तर्क होता. पुढे श्रोडिंगरनं १९४४च्या आपल्या छोट्या पुस्तकात हा तर्क उचलला आणि जगभरचे तरुण भौतिकवाले जीवशास्त्राकडे बघू लागले.

पण जर्मनीत १९३३पासून हिटलर सत्तेवर होता. मॅक्स ज्यू नव्हता, त्यामुळे थेट हकालपट्टीची भीती नव्हती. मात्र विद्यापीठात शिकवायचं तर नाझींच्या राजकीय चाळणीतून जावं लागे आणि तिथे मॅक्स नापास ठरला. १९३७मध्ये रॉकफेलर फेलोशिप मिळाली आणि तो अमेरिकेत कॅलटेकला गेला. मागे राहिलेल्या घराची किंमत मोठी होती. बहीण एमीचा नवरा क्लाउस बॉनहोफर आणि भाऊ युस्टुस दोघंही हिटलरविरोधी गटात होते. १९४५च्या एप्रिलमध्ये, युद्ध संपायला दोन-तीन आठवडे उरले असताना, क्लाउसला ठार मारण्यात आलं. युस्टुस त्यातून वाचला, पण त्याच वर्षी सोव्हिएत कैदेत वारला.

जीवशास्त्राचा ‘हायड्रोजन अणू’

कॅलटेकला फळमाशीवर मोठं काम चालू होतं. मॅक्सनं ते शिकायचा प्रयत्न केला, पण त्यातली परिभाषाच त्याला पचेना. तेवढ्यात त्याला एमरी एलिस भेटला. एलिस फेजवर, म्हणजे जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंवर, काम करत होता. साधनं काय, तर थोडी काचेची भांडी आणि जिवाणू. डिशमध्ये जिवाणूंचा पातळ थर पसरायचा, त्यावर फेज टाकायचे. दुसऱ्या दिवशी जिथे जिथे एकेक फेज पडला होता, तिथे जिवाणू मरून स्वच्छ गोल ठिपका तयार. डोळ्यांना न दिसणारा विषाणू नुसत्या डोळ्यांनी मोजता येत होता!

मॅक्सला हवं होतं ते हेच. भौतिकीत हायड्रोजनचा अणू जसा सगळ्यात साधा, तसा जीवशास्त्रात फेज. एक फेज जिवाणूत शिरतो आणि अर्ध्या-पाऊण तासात शंभराच्या घरात फेज बाहेर पडतात. म्हणजे प्रजनन नावाची भानगड एका दुपारच्या प्रयोगात बसते. १९३९मध्ये एलिस आणि डेलब्रुकनं फेजच्या वाढीवरचा निबंध लिहिला. त्यातली मोजणीची पद्धत आजही प्रॅक्टिकलला करून घेतात.

फेलोशिप संपली तेव्हा युरोपात युद्ध पेटलं होतं. मॅक्सला टेनेसी राज्यातल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात भौतिकी शिकवायची नोकरी मिळाली. १९४०च्या डिसेंबरमध्ये त्याची गाठ साल्वादोर लुरिया या इटालियन डॉक्टरशी पडली. हा ज्यू तरुण नाझी फौजांपासून जीव वाचवत पॅरिसमधून निसटला होता. अमेरिका युद्धात उतरल्यावर एक जर्मन आणि एक इटालियन, दोघंही कागदोपत्री ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरले. त्यामुळे युद्धाच्या गुप्त कामाला त्यांना कोणी बोलावलं नाही आणि फेजसाठी वेळच वेळ मिळाला.

१९४३मधला त्यांचा प्रयोग तुम्ही अभ्यासला असेल. फेजच्या हल्ल्यातून थोडे जिवाणू वाचतात. ते हल्ल्यामुळे बदलतात की आधीच बदललेले असतात? विद्यापीठातल्या एका नृत्याच्या कार्यक्रमात लुरियाला जुगाराच्या यंत्राकडे बघून युक्ती सुचली. बदल आधीच झालेला असेल, तर वेगवेगळ्या नळ्यांत वाचलेल्यांची संख्या सारखी नसणार. बऱ्याच नळ्यांत जवळजवळ काहीच नाही आणि एखादीत घबाड! लुरियानं प्रयोग केले, गणित मॅक्सनं मांडलं आणि उत्तर स्पष्ट आलं : बदल आधीच झालेला असतो. अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जिवाणूंबद्दल बोलताना आजही आपण याच उत्तराचा आधार घेतो.

तीन आठवड्यांची शाळा

इथपर्यंतची गोष्ट एका हुशार शास्त्रज्ञाची आहे. मॅक्सचं खरं वेगळेपण यानंतर दिसतं.

त्याला एक अडचण जाणवत होती. फेजवर काम करणारे जे थोडे लोक होते, त्यातला प्रत्येक जण आपला वेगळा फेज आणि वेगळा जिवाणू घेऊन बसलेला. एकाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी जुळणार कसा? १९४४मध्ये मॅक्सनं सगळ्यांना एका करारावर आणलं. ई. कोलायची एकच जात आणि तिच्यावरचे टी-१ ते टी-७ हे सातच फेज वापरायचे. प्रत्येकाच्या हौसेला लगाम बसला, पण एकाचा प्रयोग दुसरा तपासू शकला.

दुसरी अडचण माणसांची. १९४५च्या उन्हाळ्यात त्यानं न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरला फेजचा कोर्स सुरू केला. मुदत साधारण तीन आठवडे. येणाऱ्याला जीवशास्त्र यायलाच हवं असं नव्हतं. आल्या आल्या हात कामाला लावायचे : पातळ करा, पसरा, मोजा, आलेख काढा. थोड्याच दिवसांत नवखा माणूस स्वतःचा प्रयोग आखू लागे. १९४७च्या कोर्सला चक्क लिओ झिलार्ड आला, अणुसाखळीची कल्पना मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ. पुढच्या वर्षी सीमोर बेंझर आला, तोही भौतिकीवाला. नंतर त्यानं फेज वापरून जनुकाच्या आतला नकाशा काढला. हा कोर्स पंचवीस वर्षं चालला.

१९४७मध्ये मॅक्स जीवशास्त्राचा प्राध्यापक म्हणून कॅलटेकला परतला. त्याच्या सेमिनारला उभं राहणं म्हणजे अग्निपरीक्षा. पटलं नाही की तो मध्येच थांबवायचा आणि आपण आयुष्यात ऐकलेलं हे सगळ्यात वाईट भाषण होतं, असं वक्त्याच्या तोंडावर सांगायचा. हे ऐकून घेणं सगळ्यांनाच जमायचं असं नाही. पण तोच मॅक्स सुट्टीच्या दिवशी विद्यार्थ्यांना आणि पाहुण्यांना घेऊन वाळवंटात तंबू ठोकायला जायचा. प्रोफेसर कोण आणि पीएचडीचा पोरगा कोण, हे तिथे बघणाऱ्याला कळायचं नाही.

प्रयोगाबद्दलचं त्याचं एक मत तर प्रत्येक लॅबच्या भिंतीवर लावण्यासारखं. प्रयोगात जराशी ढिलाई असावी, म्हणजे अनपेक्षित काहीतरी घडायला वाव राहतो. मात्र ती इतकीही नको, की काय घडलं तेच कळणार नाही.

अंदाज चुकले, तरी

गंमत म्हणजे मॅक्सचे मोठे अंदाज बऱ्याचदा चुकले. सजीवांत भौतिकीला न सुटणारं कोडं सापडेल म्हणून तो या वाटेला लागला. ते कधीच सापडलं नाही. डीएनए हा रेणू त्याला फार मामुली वाटायचा. पण १९५२मध्ये आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी फेज वापरूनच दाखवलं, की जिवाणूत शिरून काम करतो तो प्रामुख्यानं डीएनए. पुढच्या वर्षी जेम्स वॉटसननं दुहेरी गोफाची बातमी छापून येण्याआधीच पत्रानं मॅक्सला कळवली. वॉटसन हा लुरियाचा विद्यार्थी, म्हणजे याच शाळेतला.

मॅक्सनं त्यावरही शंका काढली : एवढा लांब पीळ उलगडणार कसा? त्यानं स्वतः एक वेगळा मार्ग सुचवला. हा वाद प्रयोगानं सोडवायचा, असं कॅलटेकच्याच मॅथ्यू मेसेलसन आणि फ्रँकलिन स्टाल या दोन तरुणांनी ठरवलं. १९५८मध्ये उत्तर आलं आणि मॅक्सचा मार्ग चूक ठरला. प्रोफेसरची कल्पना त्याच्याच संस्थेतली मुलं खोडून काढतात, अशी हवा त्यानं तिथे तयार केली होती.

१९६१ ते १९६३ ही वर्षं त्यानं जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाला दिली. एका खुर्चीवरचा एक सर्वेसर्वा प्राध्यापक आणि खाली सगळे हुजरे, ही तिथली जुनी रीत. मॅक्सनं जनुकशास्त्राची नवी संस्था उभी केली ती बरोबरीच्या संशोधकांची. १९६२मध्ये तिच्या उद्घाटनाला भाषण द्यायला खुद्द बोर आले. तीस वर्षांपूर्वीच्या आपल्याच प्रश्नाकडे त्यांनी पुन्हा वळून पाहिलं. त्याच वर्षी ते गेले.

हा धागा मुंबईपर्यंतही येतो. १९६२मध्ये होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मॉलिक्युलर बायोलॉजीचा गट सुरू झाला, तो ओबेद सिद्दिकी यांनी. त्यांचं नाव भाभांना सुचवणारा माणूस म्हणजे लिओ झिलार्ड, फेज कोर्सचा १९४७चा विद्यार्थी! पुढे सिद्दिकींनी फळमाशीवर बेंझरबरोबरही काम केलं.

१९६९चं नोबेल डेलब्रुक, लुरिया आणि हर्शी यांना मिळून मिळालं. तोवर मॅक्स फेज सोडून एका बुरशीच्या मागे लागला होता. प्रकाश दिसला की ती वळते कशी, हे त्याला शोधायचं होतं. त्या कोड्यानं त्याला शेवटपर्यंत पुरेशी दाद दिली नाही आणि मार्च १९८१मध्ये तो पासाडीनात वारला. त्याच्या नावावरच्या शोधांची यादी फार लांब नाही. त्याच्या हाताखालून आणि कोर्समधून गेलेल्यांनी लावलेल्या शोधांची यादी करायला बसलात, तर मात्र सेमिस्टर पुरणार नाही.